बोनस, बस आणि हेबिअस कॉर्पस : सोलापुरातून दिसणारी लॅटिन

१/ काही दिवसांपूर्वी एका तरुण वाचकाने मला एक यादी पाठवली. इंग्रजी बोलताना छाप पाडण्यासाठी उपयोगी पडतील असे पन्नास लॅटिन शब्द आणि शब्दसमूह तीत होते. सोबत प्रश्न होता, "दादा, मुलाखतीत यांतले कोणते वापरू?" आजचा हा दीर्घ धागा म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर. थोडक्यात उत्तर असे, की छाप पाडण्यासाठी एकही वापरू नकोस. विस्ताराने सांगायचे तर त्या यादीतले कितीतरी शब्द तू, तुझी आई आणि तुझे आजोबा आधीपासूनच वापरत आला आहात. आणि जो एक शब्दसमूह तुला खरोखर माहीत असला पाहिजे, त्याचे मोल काय असते, हे आपल्या सोलापूरने १९३० साली पाहिले आहे.

२/ आधी घरापासून सुरुवात करू. सोलापुरातील एखादी विद्यार्थिनी सकाळी 'बस' पकडते. गाडी कोणत्या गावावरून जाणार, हे विचारताना ती 'व्हाया' म्हणते. महाविद्यालयात जाऊन 'बोनाफाईड' काढते, 'कॅम्पस'मध्ये मैत्रिणींना भेटते, मोबाईलवर 'स्टेटस' ठेवते, 'डेटा' संपला म्हणून कुरकुरते. तिचे वडील कारखान्यात 'पर' मीटर दराने काम करतात आणि दिवाळीच्या 'बोनस'ची वाट पाहतात. यांतला प्रत्येक शब्द लॅटिन आहे किंवा थेट लॅटिनमधून आलेला आहे. घरात कोणालाही लॅटिन येत नाही, आणि तरीही कोणाचे काही अडत नाही.

३/ 'बस'ची कथा सर्वांत मनोहर आहे. लॅटिनमध्ये 'ऑम्निस' म्हणजे सर्व. 'ऑम्निबुस' हे त्याचे चतुर्थीचे बहुवचन, अर्थ 'सर्वांसाठी'. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समध्ये सर्वांसाठी खुल्या असलेल्या घोडागाड्यांना हे नाव मिळाले. १८२९ मध्ये जॉर्ज शिलिबियरने लंडनमध्ये तशी गाडी सुरू केली आणि 'ऑम्निबस' हा शब्द इंग्रजीत रुळला. पुढे लोकांनी त्याचा पुढचा भाग टाकून शेपूट तेवढे ठेवले. म्हणजे 'बस' या शब्दात 'सर्व' हा मूळ शब्द उरलेलाच नाही, उरला आहे तो केवळ विभक्तीचा प्रत्यय! १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली, तेव्हा खेड्यापाड्यांतील लोक एका प्रत्ययात बसून प्रवास करू लागले.

४/ शाळेत संस्कृत घेतलेल्यांनी येथे क्षणभर थांबावे. 'रामाय, रामाभ्याम्, रामेभ्यः' हे आपण सर्वांनी घोकले आहे. त्यातला 'भ्यः' आणि लॅटिनचा 'बुस' हे एकाच कुळातील प्रत्यय आहेत. 'सर्वेभ्यः' आणि 'ऑम्निबुस' यांचा अर्थही एकच. साम्य येथेच संपत नाही. संस्कृतात चतुर्थी आणि पंचमी या दोन्ही विभक्तींचे बहुवचन 'भ्यः' लावून होते. लॅटिनमध्येही या दोन्ही अर्थांचे काम 'बुस' हा एकच प्रत्यय करतो. इतके सूक्ष्म साम्य योगायोगाने येत नाही.

५/ असेच 'ए. एम.' आणि 'पी. एम.'. 'आंते मेरिदिएम' म्हणजे मध्यान्हापूर्वी आणि 'पोस्ट मेरिदिएम' म्हणजे मध्यान्हानंतर. 'मेरिदिएस'ची फोड 'मेदिउस' अधिक 'दिएस' अशी होते. 'मेदिउस' हा आपल्या 'मध्य'चा भाऊ, तर 'दिएस' हा 'दिन' आणि 'दिवस' यांचा आप्त. शुक्ल यजुर्वेदाच्या 'माध्यंदिन' शाखेचे नाव ज्यांनी ऐकले आहे, त्यांना मनगटावरच्या घड्याळात तोच जोड दिसेल.

६/ आता एक धोक्याची सूचना. असे साम्य दिसले, की 'म्हणजे लॅटिन संस्कृतातूनच निघाली' असा संदेश दुसऱ्या दिवशी सर्व गटांत फिरू लागतो. तो खोटा आहे. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कोलकात्यात एशियाटिक सोसायटीपुढे विल्यम जोन्स यांनी मांडलेला विचार असा होता, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एखाद्या समान उगमातून निघालेल्या असाव्यात आणि तो उगम कदाचित आता अस्तित्वात नसेल. म्हणजे या भाषा एकमेकींच्या बहिणी आहेत, मायलेकी नव्हेत. बहिणीला लेक ठरवून आपला मोठेपणा वाढत नाही. उलट इतिहासाच्या अभ्यासकाची विश्वासार्हता तेवढी कमी होते.

७/ लॅटिन शब्द इंग्रजांबरोबरच आपल्याकडे आले, हाही असाच एक गैरसमज. सोलापूरहून बार्शीमार्गे जवळच असलेले तेर घ्या. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात पैठणाबरोबर 'तगर' या व्यापारी नगराचा उल्लेख आहे. तगर म्हणजेच तेर, ही ओळख फ्लीट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पटवून दिली. तेथील लामतुरे संग्रहालयातील हस्तिदंती स्त्रीमूर्तीची तुलना अभ्यासक इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या भारतीय मूर्तीशी करतात. तगरचा माल भडोच बंदरातून रोमन जगाकडे जात होता.

८/ त्या व्यापाराबरोबर शब्दही आले. रोमन लोकांच्या चांदीच्या नाण्याचे नाव 'देनारिउस'. ते ग्रीकमधून संस्कृतात आले आणि 'दीनार' झाले. गुप्तकालीन लेखांत सोन्याच्या नाण्यांसाठी 'दीनार' हा शब्द सर्रास आढळतो. या नावाच्या मुळाशी 'दहा' ही संख्या आहे. लॅटिन 'देकेम' आणि आपला 'दश' हे सगोत्रच. म्हणजे इंग्रजी भाषा जन्मायच्या आधी लॅटिनचा एक शब्द आपल्या देशात नाण्याच्या रूपाने खणखणत होता.

९/ दुसरी वाट पोर्तुगीजांची. पोर्तुगीज ही लॅटिनची लेक. तिच्यामार्फत आलेले शब्द मराठीत इतके मुरले आहेत, की त्यांना परके म्हणणाऱ्याला लोक हसतील. 'पाव' हा लॅटिन 'पानिस'चा वंशज, 'चावी' ही 'क्लाविस'ची. 'पाद्री'च्या मागे 'पातेर' आहे आणि त्याच्या शेजारी आपला 'पितृ' उभा आहे. बांधकामावरचे 'घमेले'सुद्धा पोर्तुगीज 'गामेला'मार्गे लॅटिनपर्यंत पोहोचते. 'तुरुंग' हा शब्दही अभ्यासक पोर्तुगीज 'त्रोंको'शी आणि त्यामार्गे लॅटिन 'त्रुंकुस'शी, म्हणजे झाडाच्या खोडाशी, जोडतात. कैद्याचे पाय ज्या लाकडी खोड्यात अडकवत, ते आठवावे.

१०/ आणि 'पगार'! पोर्तुगीजमध्ये 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणे. त्याचे मूळ लॅटिन 'पाकारे', म्हणजे शांत करणे, समाधान करणे. आणि त्याच्या मुळाशी 'पाक्स', म्हणजे शांतता. ज्याचे देणे आहे त्याला शांत करणे, तोच पगार. जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू ही नावे ज्या शहराच्या बोलण्यात आजही येतात, त्या शहराला ही व्युत्पत्ती समजावून सांगण्याची गरज नाही. पगार थकला की शांतता कशी भंगते, हे सोलापूरच्या गिरणगावाने पुरेपूर अनुभवले आहे.

११/ 'बोनस'ची गंमत वेगळी आहे. लॅटिनमध्ये 'बोनुस' म्हणजे 'चांगला'. हे पुल्लिंगी विशेषण आहे. 'चांगली गोष्ट' म्हणायचे असते तर व्याकरणाने 'बोनुम' हवे होते. लंडनच्या शेअरबाजारातील मंडळींनी अठराव्या शतकात हा शब्द बहुधा थट्टेने, अर्धवट लॅटिनमध्ये घडवला, असे कोशकार मानतात. ती थट्टेची लॅटिन पुढे कामगारांच्या हक्काचा शब्द झाली. १९६५ च्या कायद्याने बोनसला वैधानिक आधार मिळाला आणि आज किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या वेतनाचा बारावा हिस्सा, इतका आहे. व्याकरणदृष्ट्या चुकलेल्या एका शब्दावर कितीतरी घरांची दिवाळी अवलंबून असते.

१२/ सोलापूर हे चार भाषांचे शहर. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा येथे एकाच गल्लीत ऐकू येतात. मात्र 'बस', 'बोनस' आणि 'पगार' म्हणताना कोणालाही दुभाषा लागत नाही. हे शब्द लोकांनी आपण होऊन घेतले, आपल्या उच्चाराप्रमाणे वळवले आणि वापरून वापरून गुळगुळीत केले. माझ्या मते शब्दाच्या नागरिकत्वाचा हाच एकमेव खरा दाखला आहे. तो कोठून आला, हा इतिहासाचा प्रश्न. तो आपला आहे की नाही, हा वापराचा प्रश्न.

१३/ येथवर सारे गोड आहे. पण लॅटिनचा एक दुसरा चेहराही आहे आणि तो न्यायालयाच्या पायरीवर भेटतो. 'एक्स पार्टे', 'कॅव्हिएट', 'सब ज्युडिस', 'प्राइमा फेसी', 'लोकस स्टँडाय'. हे शब्द लोकांनी घेतलेले नाहीत. ते लोकांवर येऊन आदळलेले आहेत. ज्याच्या जमिनीचा, घराचा किंवा सुटकेचा निर्णय होत असतो, त्यालाच आपल्याबद्दल काय बोलले जात आहे हे कळत नाही. तेव्हा लॅटिन ही विद्वत्ता राहत नाही, ती एक भिंत होते.

१४/ मराठीने ही भिंत ओलांडण्याचे काम उत्तम केलेले आहे, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. 'पर कॅपिटा' म्हणजे डोक्यामागे. आपण केले 'दरडोई'. 'एक्स ऑफिशिओ'चे झाले 'पदसिद्ध', 'सब ज्युडिस'चे 'न्यायप्रविष्ट', 'प्राइमा फेसी'चे 'प्रथमदर्शनी', 'एक्स पार्टे'चे 'एकतर्फी', 'एक्स ग्रेशिया'चे 'सानुग्रह'. 'स्टेटस को'साठी तर 'जैसे थे' हा असा शब्द आहे, की मूळ लॅटिनने हेवा करावा. इतिहासाच्या ग्रंथांत तळटिपांमध्ये येणाऱ्या 'इबिड'ला आपण 'तत्रैव' म्हणतो. वृत्तपत्रांनी हे शब्द रोज वापरले आणि म्हणून ते जगले.

१५/ पण सर्वच प्रयत्न असे फळले नाहीत. संविधानाच्या मराठी पाठात अनुच्छेद ३२ उघडून पाहा. मूलभूत हक्कांच्या रक्षणासाठी सर्वोच्च न्यायालय जे पाच प्राधिलेख काढू शकते, त्यांची नावे तेथे आहेत : देहोपस्थिती, महादेश, प्रतिषेध, क्वाधिकार आणि प्राकर्षण. पाचांपैकी किती शब्दांचा अर्थ तुम्हाला सांगता येईल? 'क्वाधिकार' हा शब्द घडवणाऱ्याच्या बुद्धीला मी मनापासून नमस्कार करतो. लॅटिन 'क्वो वारांतो' म्हणजे 'कोणत्या अधिकाराने'; त्यातल्या 'क्वो'ला संस्कृत 'क्व' जोडून त्याने अर्थ आणि ध्वनी दोन्ही साधले. परंतु ही कारागिरी आपल्याला कळावी म्हणून आधी लॅटिन आणि मग संस्कृत शिकावे लागते! एक भिंत पाडून तिच्या जागी दुसरी, अधिक नक्षीदार भिंत बांधली गेली.

१६/ हे पूर्वीही झाले आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. दरबारी व्यवहारातील फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले गेले. स्वतंत्र राज्याची स्वतंत्र परिभाषा असावी, हा विचार केवढा मोठा! तरीही पुढच्या शतकातील मराठी कागद वाचताना पानोपानी फारसी शब्द भेटतात. मुद्रेवर 'मुख्य प्रधान' कोरले गेले, पण लोकांच्या तोंडी 'पेशवे' राहिले. राजाज्ञेने शब्द जन्माला येतो. तो जगवायचा की नाही, हे मात्र लोकच ठरवतात.

१७/ आता मूळ मुद्द्यावर येतो. 'हेबिअस कॉर्पस' या दोन शब्दांचा सरळ अर्थ 'तुझ्यापाशी देह असावा' असा आहे. ही पोथीतली ओळ नाही, हा कोठडीच्या मालकाला दिलेला हुकूम आहे. ज्या माणसाला तू डांबून ठेवले आहेस, त्याला सदेह न्यायालयापुढे आण आणि कोणत्या कायद्याने डांबले ते सांग. इंग्लंडमध्ये १६७९ च्या कायद्याने या हुकुमाला बळकटी आली. आपल्याकडे १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ४९१ मध्ये याच स्वरूपाचा अधिकार उच्च न्यायालयांना दिलेला होता. म्हणजे १९३० साली हा शब्द भारतात कागदावर होता.

१८/ आणि १९३० साली सोलापुरात काय झाले? मे महिन्याच्या आरंभी गांधीजींना अटक झाली. गिरण्यांचे हे शहर खवळून उठले. ८ मे रोजी गोळीबार झाला, त्यात शंकर शिवदारे हा तरुण धारातीर्थी पडला. संतप्त जमावाने पोलीस चौकी आणि न्यायालयाची इमारत जाळली, पोलीसही मारले गेले. १२ मे रोजी शहरात 'मार्शल लॉ' पुकारला गेला आणि तो ३० जूनपर्यंत चालला. सुमारे सात आठवडे गांधी टोपी आणि तिरंगा यांसाठीही शिक्षा भोगावी लागेल, अशी अवस्था होती. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली.

१९/ 'मार्शल' हा शब्दही लॅटिनच्याच घरचा. रोमन युद्धदेव 'मार्स', त्याचे विशेषण 'मार्तिआलिस'. आम्ही त्याला 'लष्करी कायदा' म्हणतो, आणि 'लष्कर' फारसी तर 'कायदा' अरबी! पण सोलापुरात त्याचा अर्थ विचारण्यासाठी कोणी कोश उघडला नसेल. दुकाने बंद ठेवून, दारे लावून, टोपी खिशात घालून लोकांनी तो अर्थ शिकून घेतला. सत्तेची लॅटिन जनतेला फार लवकर समजते. जनतेच्या हक्काची लॅटिन मात्र तिला कोणी समजावून सांगत नाही. माझ्या साऱ्या म्हणण्याचे सार या विषमतेत आहे.

२०/ स्वातंत्र्यानंतर तरी ही विषमता संपली का? आणीबाणीत २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जबलपूरच्या गाजलेल्या खटल्यात चार विरुद्ध एक अशा बहुमताने निर्णय दिला. आणीबाणीतील आदेश लागू असताना स्थानबद्ध नागरिकाला हेबिअस कॉर्पसची दाद मागता येणार नाही, असा त्याचा आशय होता. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले. बहुमतात न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाच्या हक्काच्या निकालात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने जबलपूरचा निर्णय चुकीचा ठरवला. त्यातील प्रमुख निकालपत्र लिहिले यशवंतरावांचे पुत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी. दोन लॅटिन शब्दांची किंमत कळायला देशाला एक्केचाळीस वर्षे लागली.

२१/ यावर काही जण म्हणतील, कायद्याचे शब्द सोपे केले तर त्यांची अचूकता जाते. शतकानुशतकांच्या निवाड्यांनी 'हेबिअस कॉर्पस'ला जो नेमका अर्थ दिला, तो घरगुती शब्दात कसा मावणार? हा आक्षेप पोकळ नाही. परंतु इंग्लंडनेच दिलेले उत्तर पाहा. १७३३ पासून तेथील न्यायालयांत लॅटिनऐवजी इंग्रजी आली. १९९९ च्या सुधारणांनंतर दिवाणी न्यायालयांत 'एक्स पार्टे'सारखे प्रयोग टाळून साध्या इंग्रजीचा वापर सुरू झाला. त्यानंतर 'सर्शिओराराय'ला 'रद्द करणारा आदेश' आणि 'मँडॅमस'ला 'अनिवार्य आदेश' अशी साधी इंग्रजी नावे मिळाली. इंग्लंडने लॅटिन सोडली, आणि न्याय तेथे अचूकपणेच चालू आहे.

२२/ मात्र एक शब्द इंग्लंडनेही ठेवला. तो म्हणजे 'हेबिअस कॉर्पस'. का? कारण तो वकिलांचा राहिला नव्हता, तो लोकांचा झाला होता. तेथील सामान्य नागरिकाला त्या नावामागचा हक्क ठाऊक होता. म्हणजे निकष तोच, जो आपण 'बस' आणि 'बोनस' यांना लावला. शब्द देशी की परदेशी, संस्कृत की लॅटिन, हा वाद दुय्यम आहे. ज्याच्या जिवाशी त्या शब्दाचा संबंध आहे, त्याला तो कळतो का, हा पहिला प्रश्न.

२३/ म्हणून माझे मत स्पष्टपणे मांडतो. 'हेबिअस कॉर्पस' हे नाव राहू द्यावे, 'देहोपस्थिती'लाही संविधानात मानाने नांदू द्यावे. पण शाळेच्या पुस्तकात, पोलीस ठाण्याच्या भिंतीवर आणि वृत्तपत्राच्या मथळ्यात त्याला 'बंदी हजर करण्याचा हुकूम' असे म्हणावे. 'हजर' आणि 'हुकूम' हे दोन्ही शब्द अरबी आहेत, 'बंदी' संस्कृत-फारसीच्या सीमेवरचा आहे. शुद्धतेच्या आग्रह्यांना ते रुचणार नाही. तथापि पूर्व भागातील यंत्रमागावर काम करणाऱ्या बाईला, तिच्या मुलाला रात्री कोणी उचलून नेले तर, या चार शब्दांवरून आपल्याला काय मागता येते हे समजेल. भाषाशुद्धीपेक्षा ही समज मला अधिक पवित्र वाटते.

२४/ उच्च न्यायालयांची भाषा संविधानाच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे आजही मुख्यतः इंग्रजी आहे. ती बदलणे आपल्या हाती नाही. पण समजावून सांगणे आपल्या हाती आहे, आणि इतिहासाची आवड असलेल्या तरुणांनी हे काम अंगावर घ्यावे, असे मला वाटते. पन्नास शब्दसमूहांची यादी पाठ करणे हा इतिहास नव्हे. एक शब्द उचलावा, तो कोणाच्या तोंडून आला, कोणाच्या कामी आला आणि कोणाला नाकारला गेला, याचा माग काढावा. हा इतिहास आहे.

२५/ तर, यादी पाठवणाऱ्या माझ्या तरुण मित्रा, मुलाखतीत लॅटिन बोलू नकोस. कोणी विचारलेच, तर 'बस' म्हणजे 'सर्वांसाठी' एवढे सांग. आणि पुढच्या वेळी सोलापुरात चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी आलास, तर क्षणभर थांब. एक धनशेट्टी, एक सारडा, एक शिंदे आणि एक कुर्बान हुसेन. घरांत वेगवेगळ्या भाषा बोलणारी ही चार माणसे एकाच तुरुंगातून एकाच दिवशी गेली. मोठे हक्क मोठ्या शब्दांत लिहिलेले असतात, पण ते सर्वांसाठी असतील तरच त्यांना अर्थ आहे.

धागा येथे पूर्ण होतो. तुमच्या घरी, बाजारात किंवा कामाच्या ठिकाणी रोज वापरला जाणारा आणि मुळात लॅटिन असलेला एखादा शब्द तुम्हाला आढळला, तर खाली अवश्य लिहा. मात्र त्याची व्युत्पत्ती एखाद्या विश्वासार्ह कोशात पडताळून मगच लिहा, ही नम्र विनंती.